कुरव, भरती आणि आमची जुनी झूम लेन्स



ऊस विकास विभागाचे पान म्हटले की बेणेप्रक्रिया, सरीतील अंतर, खताचा हप्ता नाहीतर हुमणीचा बंदोबस्त, हे आपणांस पाठ झाले आहे. गेल्या महिन्यात एका गट ऑफिसात आम्ही बसलो असता एक जुने सभासद म्हणाले, "साहेब, तुमचं पान आमी वाचतो, पण एकदा उसाबाहेरचं कायतरी लिवा की." त्यांचा शब्द मोडवला नाही. म्हणून या खेपेस आम्ही रजेवर असताना जे पाहिले, ज्यात चुकलो आणि जे शिकलो ते लिहीत आहोत. यात उसाचा संबंध अगदीच नाही असे नाही. तो शेवटी येईल.

कॅमेरा कसा आला

आमच्याकडे कॅमेरा आला तो कामासाठी. पानावर तांबेरा पडला, पोक्का बोइंगने शेंडा पिळवटला किंवा लोकरी मावा दिसला, की नुसते तोंडाने सांगून भागत नाही. फोटो दाखवला की शेतकऱ्याला लगेच पटते. म्हणून एक वापरलेला डिजिटल कॅमेरा घेतला. पुढे त्याच दुकानात ७०-३०० ची एक जुनी झूम लेन्स साडेसहा हजारांना मिळाली, तीही घेतली. या लेन्समध्ये हाताची थरथर शोषून घेणारी सोय नाही. फोकसही घरघर करीत सावकाश लागतो. पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्या हौशी मंडळींकडे ज्या तोफेसारख्या लेन्सा असतात त्यांची किंमत लाखांत जाते. आमची लेन्स त्यापुढे म्हणजे ट्रॅक्टरच्या रांगेत उभी केलेली बैलगाडी!

समुद्राचे पक्षी पाहण्याची इच्छा फार दिवसांची होती. अडचण एवढीच की त्यांचा हंगाम आणि आपला हंगाम एकच. इकडे बॉयलरचे अग्निप्रदीपन होऊन गव्हाणीत मोळी पडते, त्याच सुमारास कुरव पक्षी कोकण किनाऱ्यावर उतरतात. आपले गाळप चालू असते तोवर ते तेथे असतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परत जातात. तोडणीचे पाळीपत्रक हातात असताना ऊस विकास अधिकाऱ्याला रजा मिळणे शक्य नाही, आणि मागूही नये. यंदा हंगाम थोडा लवकर आटोपला व मार्चच्या मध्यानंतर चार दिवस मोकळे मिळाले. आमची आई सत्तरी ओलांडलेली. तिने समुद्र कधी पाहिला नव्हता. एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, दुसऱ्याचे व्हायचे आहे. "दोनी डोळं जायच्या आत एकदा दाखीव बाबा," असे ती चेष्टेने म्हणायची. चेष्टेतले खरे आम्हाला कळत होते. तेव्हा मंडळी, मुले आणि आई यांना घेऊन कुंभार्ली घाट उतरलो आणि चिपळूण, खेड, दापोली करीत हर्णैला पोहोचलो.

पहिली संध्याकाळ : सगळे काळे

हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव चालतो तो पाहण्यासारखा असतो. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग, किनाऱ्याला लागलेल्या होड्या, आणि होडीतली मासळी आणायला पाण्यात शिरलेल्या बैलगाड्या. गुडघाभर पाण्यात उभे असलेले बैल पाहून आमच्या आईने कपाळाला हात लावला. "खारं पाणी लागतंया पायाला, कासऱ्याला धरून उभा ऱ्हायला नगं का!" अशी तिची पहिली सूचना. समुद्राबद्दल नंतर.

होड्यांच्या वर आणि मागे पांढऱ्या पक्ष्यांचे थवे घिरट्या घालीत होते. तेच कुरव. त्यांच्यात अधूनमधून बारीक अंगाचे, टोकदार पंखांचे पक्षी पाण्यावर सूर मारीत होते, ते सुरय. आई डोळ्यांवर हात धरून म्हणाली, "नांगराच्या मागं बगळं असत्यात, तसंच दिसतंय की रं." आम्ही शेतकी पदविका घेतलेले, पण इतकी नेमकी तुलना आम्हाला सुचली नव्हती. नांगर माती उलथतो, तशी होडी जाळे उलथते. जे उघडे पडते ते पक्ष्याचे.

आम्ही तासाभरात दोनशे फोटो काढले. मुक्कामी येऊन पाहतो तर सगळे पक्षी काळे! पश्चिमेकडचा किनारा, संध्याकाळची वेळ, सूर्य समुद्रावर आणि आमचे तोंड सूर्याकडे. पक्ष्याची उजेडाची बाजू पलीकडे आणि सावलीची आमच्याकडे. शेंडा पाहून उसाची जात ओळखणाऱ्या आम्हाला एवढी साधी गोष्ट कळू नये, याची लाज वाटली. चित्र म्हणून दोन-चार बरे होते, पण पक्षी ओळखू येईल असा एकही नाही.

दुसरी सकाळ : आमची चूक

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही एकटेच आंजर्ल्याच्या बाजूला खाडीच्या मुखाशी गेलो. वाळूच्या पट्ट्यावर शे-दीडशे कुरव आणि तुरेवाले सुरय बसलेले. आता सूर्य आमच्या पाठीशी होता. आम्ही सरळ त्यांच्याकडे चालत निघालो. साठ पावलांवर त्यांनी माना वर केल्या. चाळीस पावलांवर ते चालू लागले. आणखी पुढे गेलो तर सगळा थवा उठला, खाडीवर एक फेरी मारून लांब जाऊन बसला. उडताना फोटो चांगले मिळतील असे वाटून आम्ही पुन्हा मागे गेलो, पुन्हा उठवले. असे तीनदा केले. फोटोंत मिळाल्या त्या शेपट्या.

जवळच एक म्हातारे तांडेल जाळे दुरुस्त करीत बसले होते. ते बराच वेळ पाहत असावेत. आम्ही त्यांच्यापाशी गेलो तशी म्हणाले,

"कुठून आलात?"

"घाटावरून. साखर कारखान्यात आहे."

"म्हणजे बैल ठाऊक असतील."

"हो तर. गाडीतळावर रोज पाहतो."

"मग रातभर गाडी वढून आलेला बैल आता कुठं बसलाय, त्याला काठीनं तीन वेळा उठवाल काय?"

आम्ही गप्प राहिलो. गाडीतळावर कोणी असे केले तर आम्हीच त्याला चार शब्द सुनावले असते.

म्हातारबोवांनी विषय तेथेच सोडला, पण आम्हाला तो सुटला नाही. किनाऱ्यावर दिसणाऱ्या कुरवांतला तपकिरी डोक्याचा कुरव लडाख, तिबेट आणि मध्य आशियातील उंचावरच्या सरोवरांकाठी घरटी करतो. लडाखमधील त्सो मोरीरी हे सरोवर सुमारे पंधरा हजार फुटांवर आहे. अरबी समुद्राच्या काठावरून तेथवर जायचे, तर अंगावर चरबी साठवून निघावे लागते. मार्च महिना हाच त्या तयारीचा. पोटभर खाऊन वाळूवर बसणे हे त्याचे आळसात बसणे नसते, ते वाटखर्चाची गाठ बांधणे असते. प्रत्येक वेळी थवा उठवला की त्या गाठीतले काही खर्ची पडते. हे सर्व आम्ही पुस्तकातून वाचलेले होते. तरीही एका फोटोच्या हावेपायी आम्ही ते विसरलो, हे कबूल करण्यासाठीच हा लेख लिहावासा वाटला.

तांडेलांची शिकवणी

आम्ही चूक कबूल केल्यावर म्हातारबोवा खुलले. कॅमेऱ्यातले त्यांना काही कळत नव्हते, पण समुद्रातले सगळे कळत होते. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. त्या तिन्ही आमच्या साडेसहा हजारांच्या लेन्सपेक्षा मोलाच्या निघाल्या.

पहिली गोष्ट वाऱ्याची. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो. रात्री जमीन लवकर थंड होते, समुद्र ऊबदार राहतो, म्हणून सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तो मतलई. दुपारी उलट. पाखरू नेहमी वाऱ्याकडे तोंड करून बसते, नाहीतर वारा पिसांत शिरून पिसे विस्कटतात. उतरतानाही ते वाऱ्याच्या समोरूनच उतरते. म्हणजे आपल्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळी पक्ष्याचे तोंड जमिनीकडे, आणि त्याच वेळी सूर्यही जमिनीच्या बाजूने. वाळूवर बसलेल्या माणसाला ऊन पाठीशी आणि पाखराचे तोंड समोर, अशा दोन्ही गोष्टी एकदम मिळतात. संध्याकाळी दोन्ही उलट.

दुसरी गोष्ट भरतीची. "तुमी त्यांच्याकडं जाऊ नका. पाणी त्यांना तुमच्याकडं आणील." ओहोटीला पक्षी लांबवर पसरलेले असतात. भरती चढू लागली की वाळूचा पट्टा अरुंद होतो आणि ते पाण्याबरोबर मागे मागे सरकतात. भरती कधी, याचा हिशोबही त्यांनी दिला. तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. दुसऱ्या दिवशी वद्य एकादशी होती. अकराची पाऊणपट सव्वाआठ. घड्याळाशी दहा-वीस मिनिटांचा फरक पडतो, पण तेवढे चालते.

तिसरी गोष्ट बसण्याची. "उभा माणूस पाखराला खांब दिसत नाय, माणूसच दिसतो. बसलेला माणूस थोड्या वेळानं खडक होतो."

एकादशीची सकाळ

एकादशीला सात वाजण्यापूर्वी आम्ही भरतीच्या रेषेच्या थोडे वर, कोरड्या वाळूत पोते अंथरून बसलो. आईही हट्टाने बरोबर आली. तिचा उपवास होता. "तू पाखरं बघ, मी समुद्र बघती," म्हणून ती पाच-सहा हात मागे जपमाळ घेऊन बसली. पक्षी शंभर पावलांवर होते. आम्ही हललो नाही. पाऊण तास काहीही घडले नाही. माणसाला आपण काही तरी करावे असे फार वाटते. उसाच्या उगवणीआधी रान उकरून बघणाऱ्याला वाटते तसे.

मग पाणी चढू लागले. आधी छोटे चिखल्या पक्षी धावत आले, आमच्यापासून पंधरा-वीस फुटांवरून गेले. त्यांच्या मागून कुरव. दहा पावले सरकायचे, थांबायचे, पंख साफ करायचे. आठच्या सुमारास पहिली ओळ आमच्यापासून जेमतेम दहा मीटरवर होती. आमची लेन्स ३०० वर नेली की वीस मीटरवरचा कुरव चौकटीचा पाव भाग व्यापतो. दहा मीटरवर तोच निम्मी चौकट भरतो. अंतर निम्मे झाले की लेन्स दुप्पट झाल्यासारखे आहे. जी लेन्स लाखांना मिळते, तिचे काम आमच्यासाठी भरतीने फुकट केले.

त्या एका तासात आम्ही दोनशे बारा फोटो काढले. सदतीस चांगले निघाले. थवा एकदाही उठला नाही. पाणी उतरू लागल्यावर पक्षी आपणहून निघून गेले, तेव्हाच आम्ही उठलो. पाय इतके आखडले होते की आईने हात दिला.

परत येताना आईला कॅमेऱ्याच्या पडद्यावर एक फोटो मोठा करून दाखवला. तपकिरी डोक्याच्या कुरवाचा नुसता चेहरा. हिवाळ्यात त्याचे डोके पांढरे असते, कानामागे एक गडद ठिपका तेवढा राहतो. मार्चमध्ये डोके पुन्हा तपकिरी होऊ लागते. याचे निम्मे झाले होते, चोच लाल, आणि पूर्ण वाढलेल्या पक्ष्याचा असतो तसा डोळा फिकट, पांढुरका. आईने कॅमेरा आपल्या बऱ्या डोळ्याजवळ नेला, बराच वेळ पाहिले आणि विचारले,

"काय रं, ह्येच्याबी डोळ्यात मोतीबिंदू हाय व्हय?"

आम्ही हसत सांगितले की नाही, याचा डोळा जन्मल्यानंतर वर्षा-दोन वर्षांत असाच होतो, आणि याच डोळ्याने तो लडाखची वाट शोधतो. ती म्हणाली, "मग बरं हाय." थोड्या वेळाने म्हणाली, "दुसऱ्या डोळ्याचं आपरीशन आता करून टाकू." इतके दिवस ती त्याला तयार होत नव्हती. तारीख घेतली आहे.

हौशी सभासदांसाठी

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी मुलांकडे कॅमेरे आहेत, म्हणून काही कामाच्या गोष्टी देतो.

१) थरथर टाळण्यासाठी शटरचा वेग भरपूर ठेवावा. आमच्यासारख्या लेन्सला बसलेल्या पक्ष्यासाठी निदान १/५००, उडणाऱ्यासाठी १/१६०० च्या आसपास. स्वच्छ उन्हात आयएसओ ४००, छिद्र ८ आणि शटर १/१६०० हे माप चांगले बसते. कोवळ्या उन्हात आयएसओ वाढवावा.

२) स्वस्त झूम लेन्स अगदी शेवटच्या टोकाला, म्हणजे ३०० वर, पूर्ण उघड्या छिद्राने थोडी धूसर काढते. छिद्र ८ केले किंवा २५० वर आणले की फोटो खणखणीत येतो.

३) पांढरा पक्षी कॅमेऱ्याला फसवतो. मागे गडद पाणी असेल तर पक्षी भाजल्यासारखा पांढराफेक होतो, तेव्हा उजेड थोडा कमी करावा. मागे लख्ख आकाश असेल तर पक्षी काळवंडतो, तेव्हा वाढवावा. पिसांतल्या रेघा दिसल्या पाहिजेत, ही खूण.

४) सावकाश फोकसच्या लेन्सने उडत्या पक्ष्याच्या मागे धावू नये. पक्षी जेथे उतरतील असे वाटते तितक्या अंतरावर आधीच फोकस लावून ठेवावा.

५) दहानंतर वाळू तापते, हवा थरथरते आणि महागडी लेन्ससुद्धा हरते. तेव्हा कॅमेरा पिशवीत आणि आपण सोलकढीकडे.

६) किनाऱ्यावर लेन्स काढू नये. वाळूचा एक कण आत गेला की काम वाढते. मुक्कामी आल्यावर किंचित ओल्या फडक्याने कॅमेऱ्यावरचा खारटपणा पुसावा.

७) पक्ष्यांना शेव, गाठ्या, वेफर घालू नयेत. फोटो जवळून मिळतो खरा, पण ते त्यांचे अन्न नव्हे. वाळूवर मोटारी घालून थवे उडवणारे तर आम्ही तीन दिवसांत रोज पाहिले. त्यांना बोलण्याचा अधिकार आम्हाला दुसऱ्या सकाळपर्यंत नव्हता.

आपल्या रानातले पाहुणे

हे सर्व पाहायला समुद्रच गाठावा लागतो असे नाही. भीमेवरील उजनी धरणाच्या फुगवट्यावर, भिगवण-कुंभारगावच्या बाजूला, हेच तपकिरी डोक्याचे कुरव हिवाळ्यात मोठ्या संख्येने येतात. तिकडे पाहुणेरावळे असतील तर गाळपाच्या दिवसांत एक सकाळ काढावी.

आता उसाचा संबंध. आईने म्हटलेले नांगरामागचे बगळे आठवा. नांगरटीत उघड्या पडलेल्या हुमणीच्या अळ्या बगळे, मैना आणि कावळे वेचून खातात. ही मजुरी ते आपल्याकडे मागत नाहीत. म्हणून उन्हाळी नांगरट शक्यतो दिवसा करावी, रात्री ट्रॅक्टर घालून नये. पाखरे मागे लागली तर पोरांना दगड मारू देऊ नयेत. पाचट न जाळता कुजवले, तर रानात किडे-गांडुळे टिकतात आणि त्यांच्यामागे पाखरेही टिकतात. पाचटाबद्दल आम्ही आपणांस किती वेळा सांगितले असेल! गडबड न करता बसून राहिले की रान आपले काम करते, हे यंदा आम्हालाही खाडीच्या मुखाशी नव्याने समजले.

सदतीसपैकी बारा फोटो मोठे करून शेतकी खात्याच्या व्हरांड्यात लावले आहेत. उसाची नोंद द्यायला याल तेव्हा जरूर पाहावेत. मधल्या फोटोतला पांढुरक्या डोळ्याचा कुरव आमच्या आईचा आहे.

पुढील अंकी आडसाली लागणीची पूर्वतयारी.

— ऊस विकास अधिकारी